मदत हवी आहे: थायरॉइडचे दोन रिपोर्ट, दोन आकडे. डॉक्टरांसमोर काय न्यावं?

इंदुरी मावशी

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, राजेंद्रनगरला राहते. वय ४३, शाळेत शिकवते. पुढच्या मंगळवारी थायरॉइडच्या डॉक्टरांची वेळ मिळालीय आणि ती ठेवावी की सोडावी यावरून घरात दोन तट पडलेत.

झालं असं. थंडी सरली तरी माझी शाल काही सुटेना. घरचे पंखा लावून बसायचे आणि मी कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन. आवाज घोगरा झाला. वाटलं, सहावी 'ब'वर ओरडून झाला असेल. मोरीच्या जाळीत केसांचे पुंजके, पाळीत अंगावरून जास्त जाणं, आणि खाणं तेच असून वजन चार किलोंनी वर. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी थायरॉइड प्रोफाइल लिहून दिलं. फेब्रुवारीत सकाळी सातला घराजवळच्या लॅबमध्ये रक्त दिलं. टी-थ्री, टी-फोर ही थायरॉइडची संप्रेरकं ठीक, टीएसएच ८.४. शेजारी छापलेली मर्यादा ०.४ ते ४.२. त्यांनी मोठ्या डॉक्टरांकडे धाडलं, आणि तिथली वेळ मिळाली थेट एप्रिलअखेरची.

मध्ये यजमानांच्या ऑफिसात तपासणीचं शिबिर होतं, कुटुंबासकट. म्हटलं, फुकट आहे तर देऊ रक्त. तिथे टीएसएच आलं ३.६! फ्री टी-फोर १.७, मर्यादेच्या आत पण वरच्या टोकाला. झालं, घरात आनंदीआनंद. सासूबाई महिनाभर मला रोज सकाळी धन्याचं पाणी पाजत होत्या, त्यांचा तर विजयच. यजमान म्हणतात, वेळ रद्द कर, फी वाचव. पण माझी शाल सुटलेली नाही हो.

दुसरी अडचण ऐकून हसाल. डॉक्टर हिंदीभाषक. जन्म इंदुरात गेला, हिंदी मला मराठीइतकीच येते, पण दुखणं मात्र मराठीतच होतं. 'मरगळ' कशी सांगू? 'कमजोरी' म्हटलं की पर्च्यावर ताकदीचं सिरप येतं. मागे एकदा 'सुस्ती' म्हणाले तर डॉक्टरांनी विचारलं, रात्री मोबाइल किती बघता. आत गेलं की मोजून सात-आठ मिनिटं मिळतात. त्यातली तीन माझं 'म्हणजे असं ना, की…' यातच जातात.

तर कुठला रिपोर्ट खरा धरायचा? नवा नेऊ, की दोन्ही? आणि विचारायचं काय? ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा.

सयाजीबाग

ताई, वेळ अजिबात रद्द करू नका. मी बडोद्याला पॅथॉलॉजी लॅबमध्ये तीस वर्षं काम केलं, आता निवृत्त. मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदान सांगणार नाही. पण रक्त कसं घेतलं गेलं हे कळल्याशिवाय दोन आकड्यांची तुलना करता येत नाही. दुसऱ्या वेळी किती वाजता रक्त दिलंत? लॅब तीच होती का? त्या आठवड्यात कुठल्या गोळ्या चालू होत्या? गोळी म्हणजे सगळं, टॉनिक आणि व्हिटॅमिनसुद्धा.

इंदुरी मावशी

लॅब वेगळी. दुपारी साडेतीन वाजले होते. गोळ्या म्हणाल तर रात्री कॅल्शियम घेते, आणि मार्चपासून केसांसाठी एक गोळी, मुलीने ऑनलाइन मागवून दिलेली. बाटलीवर लिहिलंय बायोटिन १० मिलिग्रॅम. ते औषध थोडंच आहे?

सयाजीबाग

सापडलं बहुतेक. जरा सविस्तर लिहितो.

टीएसएच थायरॉइडमधून येत नाही, मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून येतं. तिला मुकादम समजा आणि थायरॉइडला मजूर. मजूर ढिला पडला की मुकादमाचा आवाज चढतो. म्हणून थायरॉइड मंदावलं की टीएसएच वाढतं. टी-फोर अजून मर्यादेत आणि टीएसएच चढलेलं, याचा अर्थ काम होतंय, पण ओरडून ओरडून. ही सुरुवातीची पायरी असू शकते. कधी आजारपणात वगैरे तात्पुरतं चढतं आणि आपोआप उतरतंही. म्हणूनच एका रिपोर्टवर न थांबता डॉक्टर बहुधा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात.

आता वेळ. टीएसएच दिवसभर एकसारखं नसतं. मध्यरात्रीनंतर ते पहाटेपर्यंत जास्त असतं, दुपारी सर्वांत कमी. सकाळी सातचा आकडा आणि दुपारी साडेतीनचा आकडा शेजारी ठेवून 'उतरलं' म्हणणं बरोबर नाही. लॅब बदलली की मशीन बदलतं, मर्यादाही थोडी बदलते.

पण खरी गोम बायोटिनची. माणसाला हे व्हिटॅमिन दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं, तुमच्या गोळीत १०,००० आहे. बऱ्याच मशीनांत तपासणीचं रसायन पकडून ठेवायला बायोटिनच वापरलेलं असतं. रक्तात ते बाहेरून भरमसाट आलं की मशीन फसतं. अशा पद्धतीत टीएसएच खोटं कमी दिसतं आणि फ्री टी-फोर खोटं जास्त. तुमच्या दुसऱ्या रिपोर्टात नेमकं हेच चित्र आहे. अर्थात सगळी मशीनं अशी नसतात, तेव्हा हेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवायला सांगतात, एवढा मोठा डोस असेल तर कधी जास्तही. ती बाटली पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. नाव सांगू नका, बाटलीच दाखवा.

आणखी एक. पहिल्या रिपोर्टात नुसतं टी-फोर आहे, दुसऱ्यात फ्री टी-फोर. या दोन वेगळ्या तपासण्या आहेत: पहिलीत रक्तातलं सगळं टी-फोर मोजतात, दुसरीत फक्त मोकळं असलेलं. ते आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका.

ग्वाल्हेरची लेक

मावशी, भाषेचं अगदी पटलं! माझं माहेर ग्वाल्हेर, तिथल्या लष्कर भागातल्या वाड्यात आम्हीही असेच: भांडण हिंदीत, रडणं मराठीत. मी सहा वर्षं थायरॉइडची गोळी घेतेय. मला एक युक्ती लागू पडली. दुखण्याचं नाव सांगायचंच नाही, घडलेलं सांगायचं. 'मरगळ' राहू दे. 'पहले दो मंज़िल एक बार में चढ़ती थी, अब बीच में रुकती हूँ.' 'सब पंखे में बैठते हैं, मैं शॉल में.' 'फरवरी से चार किलो.' यात डॉक्टर सुस्ती कुठून शोधणार? आणि कधीपासून ते सांगायचं. पाळीचं लाजून शेवटी ठेवू नका, किती दिवस आणि दिवसाला किती पॅड ते आकड्यात सांगा. थकवा आणि केस जाणं रक्त कमी असण्यानेही होतं, त्यामुळे हिमोग्लोबिनही विचारा.

घरात कुणाला थायरॉइड आहे का? आई, मावशी, बहीण? ते पहिल्या मिनिटात सांगा. हृदयाचा त्रास किंवा आणखी काही औषधं असतील तर तेही. आणि हे वाचणाऱ्या कुणाला दिवस गेले असतील किंवा मूल हवं असेल, तर तिने ते सगळ्यांत आधी सांगावं. तेव्हा टीएसएचचं गणित वेगळं असतं आणि थांबून चालत नाही.

प्रश्न मी तीनच नेते, जास्त नेले तर एकाचंही धड उत्तर मिळत नाही. तुमच्या जागी मी विचारलं असतं: परत तपासायचं तर केव्हा आणि काय बंद करून? अँटी टीपीओ करायचं का? आणि गोळी आत्ता नको असेल, तर कुठल्या आकड्याला किंवा कुठल्या त्रासाला सुरू करायची?

इंदुरी मावशी

अँटी टीपीओ म्हणजे?

सयाजीबाग

शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर उलटलंय का, ते दाखवणारी प्रतिपिंडं. हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली या आजाराचं वर्णन केलं, म्हणून आजारालाही त्यांचंच नाव. प्रतिपिंडं जास्त निघाली तर पुढे थायरॉइड मंदावण्याची शक्यता वाढते. ती तपासणी सहसा एकदा केली तरी पुरते. कुणी दर वेळी पॅकेजात घालत असेल तर कशासाठी ते विचारा.

खाऊगल्ली

रक्त द्यायला उपाशी जावं लागतं का? आमच्याकडे सकाळी पोहे सोडणं म्हणजे शिक्षा आहे.

सयाजीबाग

नुसत्या थायरॉइडसाठी उपाशी राहायची सक्ती नाही. सोबत साखर किंवा चरबीची तपासणी असेल तर लॅब सांगते तसं. पण दर वेळी साधारण तीच वेळ आणि तीच लॅब ठेवा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्यावी. पोहे त्याच्या पुढे.

इंदुरी मावशी

उशिरा लिहितेय, माफ करा. मंगळवारी जाऊन आले. एकाच कागदावर दोन्ही तपासण्यांची तारीख, वेळ आणि आकडे, खाली चार वाक्यं हिंदीत, खाली तीन प्रश्न. बाटली पर्समध्ये. डॉक्टरांनी कागद वाचला, बाटली फिरवून बघितली आणि म्हणाले, 'यह रोज़ ले रही हैं?' मग मान वर करायला लावून पाणी प्यायला दिलं आणि घोट गिळताना गळा चाचपला. बायोटिन बंद. दोन आठवड्यांनी सकाळी सातला, पहिल्याच लॅबमध्ये रक्त.

काल रिपोर्ट आला. टीएसएच ७.९, फ्री टी-फोर १.१, अँटी टीपीओ बरंच वाढलेलं. हिमोग्लोबिन ९.८, ते वेगळंच निघालं. डॉक्टर म्हणाले, टीएसएच दहाच्या खाली आहे, काही जण थांबून बघतात. पण त्रास आहे आणि प्रतिपिंडंही आहेत, तर थायरॉइडची गोळी २५ मायक्रोग्रॅमने सुरू करून सहा ते आठ आठवड्यांनी बघू. थकवा सगळाच थायरॉइडचा असेल असं धरू नका, असंही म्हणाले. लोहाची गोळी वेगळी दिलीय.

आता नवा घोळ. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब. माझी बस ६.४० ला येते. सध्या पाचला उठून गोळी घेते, पुन्हा आडवी होते आणि पावणेसहाला चहा. लोह शाळेतून आल्यावर, कॅल्शियम रात्री. सकाळच्या शाळेतली आणखी कुणी असेल तर तिने आपलं वेळापत्रक कळवावं. सासूबाईंनी धन्याचं पाणी आता स्वतःसाठी चालू केलंय.