केळीबागेसाठी ओलावा मोजणारे यंत्र तयार आहे. ते बाजारात कसे उतरवावे?

प्रश्न – अभियांत्रिकी शिक्षक, जळगाव

सर्वांना नमस्कार. आमच्या तीन माजी विद्यार्थ्यांनी जमिनीतील ओलावा मोजून ठिबकचे व्हॉल्व्ह आपोआप उघडणारे व बंद करणारे यंत्र तयार केले असून रीतसर कंपनीही स्थापन केली आहे. रावेर आणि यावल तालुक्यांतील काही केळीबागांमध्ये त्यांनी ते विनामूल्य बसवून दिले. शेतकऱ्यांनी मनापासून कौतुक केले. परंतु एकरी १८,००० रुपये ही किंमत सांगताच बोलणे पुढे सरकत नाही. मुले आता जाहिरातीवर आणि मोबाइल ॲप अधिक आकर्षक करण्यावर उरलेले पैसे खर्च करण्याच्या विचारात आहेत. मला ते पटत नाही, पण त्याऐवजी काय करावे हेही ठामपणे सांगता येत नाही. ज्यांनी असे नवे उत्पादन विकले, विकत घेतले किंवा अशा कंपन्यांना उभे राहण्यास मदत केली, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – केळी उत्पादक, यावल

सर, ग्राहकाच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे शेतीची वीज पाळीने येते आणि रात्रीची पाळी असली की मोटार सुरू करायला विहिरीवर जावे लागत असे. मोबाइलवरून मोटार चालू-बंद करणारे स्टार्टर आले, तेव्हा त्यांची उपयुक्तता कोणाला समजावून सांगावी लागली नाही. थंडीत, अंधारात, साप-विंचवाच्या वाटेने जाणे वाचते, एवढे पुरेसे होते. तुमच्या विद्यार्थ्यांचे यंत्र मी एका नातेवाइकाच्या बागेत पाहिले. पडद्यावर ‘ओलावा ३२ टक्के’ असे दिसत होते. हा आकडा काळ्या भारी जमिनीत एक सांगतो आणि मुरमाड जमिनीत दुसरेच. मग शेतकऱ्याने त्यावरून काय ठरवायचे? त्याऐवजी ‘आज पाणी देऊ नका’ किंवा ‘दोन तास द्या’ असा मराठीतून संदेश आला, तर तो कामाचा आहे. शिवाय वीज नसताना व्हॉल्व्ह उघडून उपयोग नाही, म्हणून मोटार सुरू आहे की नाही हे यंत्राला कळलेच पाहिजे.

आणखी एक गोष्ट त्या बागेत दिसली. लागवडीच्या वेळी अँटेना कमरेएवढ्या उंचीवर लावली होती. बाग वाढली, पाने दाटली आणि संदेश येणे थांबले. केळीच्या पानांत आणि खोडात पाणी भरपूर असते, त्यातून रेडिओ लहरी नीट जात नाहीत. बांबू लावून अँटेना पानांच्या वर नेली की प्रश्न सुटतो, पण हे सांगायला बसवणारा माणूस पुन्हा बागेत यावा लागतो. तो आला नाही.

उत्तर – नवउद्योगांचा मार्गदर्शक, धुळे

वरच्या उत्तरातील शेवटचे वाक्य विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला द्यावे, कारण जाहिरातीऐवजी पैसा कुठे लावायचा हे त्यातच आहे. विनामूल्य मिळालेल्या वस्तूचे कौतुक करणे ही आपल्याकडची सभ्यता आहे, तिला मागणी समजू नये. पुढील हंगामासाठी थोडी का होईना आगाऊ रक्कम मागावी. ती देणारे किती निघतात, त्यावरून खरा अंदाज येईल.

माझे मत असे की संपूर्ण खानदेशाचा विचार सध्या सोडून द्यावा. एक तालुका, एकच पीक आणि एकच लागवड, म्हणजे जून-जुलैची मृगबाग, एवढेच धरावे. कांदेबागेकडे, म्हणजे पावसाळ्यानंतर ऑक्टोबरच्या सुमारास लावल्या जाणाऱ्या केळीकडे, त्यानंतर वळता येईल. पहिला ग्राहक एकटा शेतकरीच असला पाहिजे असेही नाही. निर्यातीसाठी केळी घेणाऱ्यांना सारख्या आकाराचे घड हवे असतात आणि पाण्याच्या शिस्तीशी त्याचा थेट संबंध आहे. एखादी शेतकरी उत्पादक कंपनी आपल्या सभासदांसाठी यंत्रे घेऊन हंगामावर भाडे आकारू शकली, तर १८,००० रुपयांचा अडसर बराच कमी होईल.

पैशांबाबत सांगायचे तर केंद्राच्या २०२१ मधील स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेची रचना पाहण्यासारखी आहे: नमुना आणि चाचण्यांसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान, तर बाजारप्रवेशासाठी ५० लाखांपर्यंतची रक्कम कर्ज किंवा परिवर्तनीय रोख्यांच्या (पुढे कंपनीच्या भागांत बदलता येणाऱ्या कर्जाच्या) रूपात. म्हणजे प्रयोगासाठीचा पैसा परत मागितला जात नाही, विक्रीसाठीचा मात्र परत करायचा असतो किंवा त्याबदल्यात कंपनीचे भाग द्यायचे असतात. ही योजना २०२१-२२ पासून चार वर्षांसाठी होती आणि रक्कम इन्क्युबेशन केंद्रामार्फतच, म्हणजे नव्या कंपन्यांना उभे राहण्यास मदत करणाऱ्या केंद्रामार्फतच, दिली जात असे; म्हणून आता काय उपलब्ध आहे हे जाणून घेण्यासाठी बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या केंद्राशी आधी बोलावे. यंत्राचे संदेश कमी शक्तीच्या रेडिओ लहरींवरून ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ पट्ट्यात जात असल्यास वेगळा परवाना लागत नाही, परंतु उपकरणाची मान्यता दूरसंचार विभागाकडून घ्यावी लागते. ती विक्रीपूर्वीच घ्यावी.

उत्तर – ठिबक विक्रेता, रावेर

मृगबागेच्या ठिबकची खरेदी एप्रिल-मे महिन्यांत होते. नवी वस्तू जुलैमध्ये दुकानात आली, तर नळ्या अंथरून झालेल्या असतात आणि कोणी व्हॉल्व्ह पुन्हा उकलत नाही. मार्चअखेर माल आणि तो बसवू शकणारा माणूस, दोन्ही तयार हवेत.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. ॲपवरील खर्च थांबवून त्या पैशांतून बसवणी व दुरुस्तीसाठी एक तंत्रज्ञ नेमावा, असे मी विद्यार्थ्यांना सुचवले आणि त्यांनी ते मान्य केले. विक्रेते बंधूंना एकच विचारायचे आहे: आपण आमचे यंत्र दुकानात कोणत्या अटींवर ठेवाल?

उत्तर – ठिबक विक्रेता, रावेर

सर, न विकलेला माल हंगामानंतर परत घेण्याचे लेखी द्यावे. बिघडलेल्या यंत्राच्या जागी लगेच बसवता यावीत म्हणून दोन-तीन जादा यंत्रे माझ्याकडे ठेवावीत, कारण मे महिन्यातल्या उन्हात बागेला दोन दिवस पाणी चुकले तर शेतकरी कंपनीला नव्हे, मला जाब विचारतो. आमच्याकडे बरेच व्यवहार घड कापणीपर्यंत उधारीवर चालतात, ती उधारी मी सांभाळीन. त्या बदल्यात कमिशन किती हे समोरासमोर बसून ठरवू. विद्यार्थ्यांना सोमवारी सकाळी पाठवा आणि येताना व्हॉल्व्हसह पूर्ण संच आणायला सांगा.