लहान प्रसूतिगृहात रात्रपाळी आणि रजा यांची घडी कशी बसवावी?

नमस्कार. सांगलीत आमचे आठ खाटांचे प्रसूतिगृह आहे. वैद्यकीय बाजू माझी पत्नी पाहते. हिशेब, खरेदी आणि कर्मचारी माझ्याकडे आहेत. तीन सिस्टर (एक जीएनएम म्हणजे नर्सिंगची पदविका झालेली, दोघी एएनएम म्हणजे सहायक परिचारिका), तीन मावशी, एक वॉर्डबॉय आणि काउंटरवरची मुलगी, असे एकूण आठ जण. संख्या दहाच्या आत असल्याने ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) आम्हाला लागू होत नाही, त्यामुळे आजारपणातील रजा, उचल, बदली सुट्टी हे सारे आजवर माझ्या तोंडी शब्दावर चालत आले आणि घोळाचे मूळ तिथेच आहे, असे आता वाटते.

रात्रपाळी रात्री आठ ते सकाळी आठ. सिस्टर आपसात फोनवर पाळ्या बदलतात आणि मला ते सकाळी कळते. गेल्या महिन्यात दोघींनाही दुसरी येणार असे वाटले, आणि दिवसाची सिस्टर रात्री एकपर्यंत अडकून पडली. पेशंटला त्रास झाला नाही, हे नशीब. व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, पण त्यावर अंगठा दाखवला म्हणजे वाचले असे नसते. हजेरीचे बोटाचे यंत्रही आणले. ते मावशींना अविश्वासाचे वाटले, म्हणून कपाटात पडून आहे.

पगाराच्या स्पर्धेत आम्ही टिकणार नाही. मिरज हाकेच्या अंतरावर आहे. १८९४ साली डॉ. वान्लेस यांनी तिथे रुग्णालय सुरू केल्यापासून ते गाव दवाखान्यांचेच झाले आहे, आणि आमच्याकडे वर्षभर हात बसलेली सिस्टर साहजिकच तिकडे जाते. आम्ही देऊ शकतो ते एवढेच, की महिन्याचा ड्यूटी-तक्ता आधी लागेल आणि ठरलेला ऑफ मोडला जाणार नाही. पण तीनच सिस्टर असताना हा शब्द पाळायचा कसा?

दुसरा पेच नाजूक आहे. २०१९ च्या महापुरात सांगलीवाडीकडची माणसे येऊ शकत नव्हती, तेव्हा आमच्या थोरल्या मावशी चार दिवस इथेच राहिल्या. तेव्हापासून इतरांच्या सुट्ट्याही त्याच ठरवू लागल्या, आणि मी ते चालू दिले. गौरीपूजनाला तर सगळ्याच घरी जाऊ पाहतात, बाळंतपणे मात्र सण पाहून येत नाहीत. गेल्या वर्षी चिठ्ठ्या टाकल्या, तरी धाकट्या दोघींना त्यातही त्यांचाच हात दिसला.

लहान रुग्णालय चालवणाऱ्यांकडून मला जाणून घ्यायचे आहे, की पाळी बदलायची असल्यास दोघींच्या सह्या वहीत घेण्याची पद्धत प्रत्यक्षात टिकते का, रात्रभत्ता पगारात धरावा की दर रात्रीमागे वेगळा द्यावा, आणि आयत्या वेळी ब्युरोतून (तात्पुरत्या सिस्टर पुरवणाऱ्या संस्थेतून) बोलावलेल्या सिस्टरला प्रसूतिकक्षात एकटीला ठेवणे आपण योग्य मानता का. थोरल्या मावशींचा मान राखून सुट्ट्यांचा अधिकार त्यांच्याकडून काढून घेण्याचा अनुभव कुणाला असेल, तर त्यांनी सुरुवात नेमकी कोणत्या शब्दांत केली, तेही लिहावे.