लोह टाकलं तरी सिलिका कुठून आणणार?
दक्षिण महासागरात लोह सोडलं की वनस्पती-प्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) फोफावतील आणि त्यांनी हवेतून शोषलेला कार्बन आपोआप तळाला जाईल, असा एक दावा केला जातो. यातलं पहिलं अर्धं मान्य, दुसरं नाही. २००९चा लोहाफेक्स प्रयोग बघा. गोव्यात दोनापावलाच्या एनआयओने (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने) जर्मन शास्त्रज्ञांबरोबर पोलारस्टर्न जहाजावरून सुमारे ३०० चौ. किमी पाण्यात फेरस सल्फेट हा लोहाचा क्षार सोडला. प्लवक वाढले, पण त्यातले डायटम (कडक कवचाचे प्लवक) नाही. त्यांना कवचासाठी सिलिका (वाळूत असते ती) लागते आणि त्या पाण्यातली सिलिका आधीच संपत आलेली. वाढले ते बिनकवचाचे, मऊ. त्यांचा कोपेपॉडांनी (कोळंबीच्या कुळातल्या चिमुकल्या जीवांनी) फडशा पाडला, आणि कोपेपॉडांवर अँफिपॉड (त्याच कुळातले जरा मोठे जीव) तुटून पडले.

म्हणजे प्लवक वरच खाल्ले गेले आणि खोल पाण्यात कार्बन फारसा उतरलाच नाही.