आरपीआय म्हणजे संघाची लायकी नव्हे!

बर्फाळ: काल ह्यूस्टनकरांनी लिहिलं, "अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलचा आरपीआय (राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ निवडताना पाहतात ते क्रमवारीचं सूत्र) सगळ्यांना सारखाच लागतो, उत्तरेकडच्यांनी रडगाणं थांबवावं." रात्रभर डोक्यातून गेलं नाही. अहो, स्वतःच्या विजयांना 25 टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना 50 आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना 25! पाऊण हिशेब दुसऱ्यांच्या हातात. हंगाम सुरू होतो फेब्रुवारीच्या मध्यात, तेव्हा आमच्या मैदानावर बर्फ. मग पहिले काही आठवडे दक्षिणेत जाऊन खेळा.

ह्यूस्टनकर: म्हणूनच 2013 पासून दुसऱ्याच्या मैदानावरचा एक विजय 1.3 आणि घरच्या मैदानावरचा 0.7 धरतात ना? आणखी काय पाहिजे? 2025 मध्ये एसईसीचे, म्हणजे आमच्या दक्षिणेकडच्या लीगचे, 13 संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या 64 संघांमध्ये आले ते फुकट नाही. दर शनिवार-रविवारी तसल्या पिचरांसमोर (चेंडू फेकणाऱ्यांसमोर) उभं राहून दाखवा.

बर्फाळ: तो 1.3 फक्त पहिल्या 25 टक्क्यांत लागतो! बाकीच्या पाऊण भागाला त्याचा स्पर्शही नाही.

पिचरची आई: माझा मुलगा उत्तरेतल्या एका छोट्या कॉलेजात होता. मार्चमध्ये चौदा तासांचा बसप्रवास, मांडीवर केमिस्ट्रीचं पुस्तक. उतरल्यावर दोन तासांत माउंडवर, पिचरच्या उंचवट्यावर. पहिल्या इनिंगला चेंडूची शिवणही बोटांना लागत नव्हती म्हणाला, इतके हात गारठलेले. तो पराभव तुमच्या सूत्रात नुसता एक आकडा.

ह्यूस्टनकर: वाईट वाटलं. पण ताई, कॉलेज त्यानंच निवडलं ना?

पिचरची आई: निवडलं? तेव्हा अख्ख्या संघात मिळून 11.7 पूर्ण स्कॉलरशिपा, त्याही तुकडे करून वाटायच्या. त्याच्या वाट्याला एका स्कॉलरशिपची 25 टक्के आली, ती जिथे मिळाली तिथे गेला. उरलेली फी आम्ही भरली. फुटबॉलवाल्यांना पूर्ण मिळायची, ते आधी बोला!

बर्फाळ: अगदी! आमच्या शेजाऱ्यांनी मुलाच्या फीसाठी गाडी विकली.

ह्यूस्टनकर: स्कॉलरशिप कमी हे दक्षिणेतही होतं. विषय रँकिंगचा आहे.

ओमाहाकर: रँकिंगचंच सांगतो. 2022 मध्ये ओल मिसला (मिसिसिपी विद्यापीठाच्या संघाला) 64 मध्ये सगळ्यात शेवटी घेतलं आणि इथे ओमाहात, जिथे स्पर्धेचा शेवटचा टप्पा होतो, तेच अजिंक्य ठरले. एक जागा कमी असती तर ते घरी बसले असते. यादीचा खरेपणा एवढाच.

ह्यूस्टनकर: ओल मिस एसईसीचाच संघ आहे, विसरू नका! म्हणजे आमचा शेवटचासुद्धा अजिंक्य होतो.

बर्फाळ: मग आमच्याकडच्या शेवटच्या संघाला ती संधी कधी देणार?

ह्यूस्टनकर: बरं, फेब्रुवारी-मार्चचे सामने वेगळे मोजा, एवढं मान्य. एसईसीबद्दल शब्द मागे घेणार नाही.

पिचरची आई: मोजा म्हणजे झालं. पुढच्या वर्षी धाकटा जातोय.