टॉलेमीच्या नकाशातलं पैठण आणि तेर

जुन्या नकाशांत भारताला धड टोकही नाही, म्हणून ते फक्त भिंतीवर लावायच्या कामाचे, हे मत मला अजिबात पटत नाही. टॉलेमी या प्राचीन ग्रीक भूगोलतज्ज्ञाच्या 'भूगोल' या ग्रंथाची १४८२ साली जर्मनीतल्या उल्ममध्ये छापलेली आवृत्ती बघा. लाकडी ठशांचे नकाशे, जगाच्या नकाशाभोवती फुंकर मारणारे वारे! द्वीपकल्प चेपलेलं, श्रीलंका अवाढव्य, हिंदी महासागर जमिनीने वेढलेला, हे सगळं खरं.

पण मूळ मजकूर इसवी सन १५०च्या सुमाराचा आहे आणि त्यात आपलं पैठण 'बैठाना' म्हणून आलंय, धाराशिव जिल्ह्यातलं तेर 'तगर' म्हणून. पैठणला तर सातवाहन राजा पुळुमावीची राजधानी म्हटलंय. अलेक्झांड्रियात बसून, व्यापाऱ्यांच्या आणि खलाशांच्या माहितीवरून टॉलेमीने या गावांचे अक्षांश-रेखांश मांडले. प्रवासाच्या अंतरांवरून अंश काढायचे म्हटल्यावर गावं सरकणारच. तेरच्या लामतुरे संग्रहालयात रोमन व्यापाराच्या खुणा पाहिल्या की ही माहिती अलेक्झांड्रियापर्यंत कशी पोचली ते कळतं.

१४८२ची मूळ छापील प्रत विकत घेणं आपल्या आवाक्याबाहेरचं. पण मोठ्या ग्रंथालयांनी स्कॅन खुले केलेत. त्यात आशियाचा दहावा नकाशा उघडा, आपला भाग त्यातच आहे.