लेकी, वाघिणी, लेडी सेहवाग… बायकांच्या क्रिकेटवर जरा नीट लिहा की!

तिरपी_बॅट:
२ नोव्हेंबर २०२५ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेला ५२ रनांनी हरवून आपण वर्ल्ड कप जिंकला, पेढे वाटून झाले, स्टेटस ठेवून झाले, आता जरा भांडूया. त्या आठवड्यात मराठीत जे छापून आलं आणि फॉरवर्ड होत फिरलं, त्यातून लेकी, वाघिणी, रणरागिणी, दुर्गा एवढं काढून टाका आणि बघा हातात काय उरतं ते. फायनलमध्ये कॅप्टन हरमनप्रीतने अचानक ओपनर शेफाली वर्माकडे बॉल दिला, जी मुळात टीममध्येच नव्हती, प्रतिका रावल जखमी झाली म्हणून आयत्या वेळी आली, आणि तिने आफ्रिकेच्या सुने लूस आणि मारिझान काप दोघींना काढलं, मॅच तिथे फिरली. हा डाव कसा सुचला, बॉल कसा पडला, यावर लिहायला केवढं होतं! पण नाही, दुर्गा अवतरली. देवी केली की खेळावर लिहायचं काम वाचतं, माझं म्हणणं एवढंच आहे.

आणि हीच शेफाली म्हणे लेडी सेहवाग. २०१७ला मिताली राजला आवडता पुरुष क्रिकेटर कोण असं विचारलं तेव्हा तिने उलट विचारलेलं की हा प्रश्न पुरुषांना विचारता का. इतकी वर्षं झाली, आपण तिथेच.

खडूस_दादरकर:
अहो, लेक म्हटलं तर काय आभाळ कोसळलं? मायेने म्हणतात. सचिनला अख्खी मुंबई आपला पोरगा म्हणायची तेव्हा कुणाच्या पोटात दुखलं नाही. आणि वाघ-सिंह पुरुषांनाही लावतातच. मराठीत तर फलंदाज, गोलंदाज आधीपासून दोघांना चालतात, क्रिकेटचे नियम लिहिणाऱ्या एमसीसीला २०२१मध्ये बॅट्समनचं बॅटर करायला लागलं, आपल्याला काहीच करायला लागलं नाही. उगाच इंग्रजीतली भांडणं इथे आणायची.

दुसरं म्हणजे फरक आहे तो आहे. दक्षिण आफ्रिकेच्या शबनिम इस्माइलने २०२४ला ताशी १३२.१ किलोमीटरचा बॉल टाकला, बायकांमधला रेकॉर्ड, आणि शोएब अख्तरचा १६१.३. हे लिहायचं नाही का आता?

तिरपी_बॅट:
लिहा ना, मी कुठे अडवलंय! तुम्ही आत्ता आकडे दिलेत, किती स्वच्छ वाटलं बघा. माझा राग "बायकांना मुळातच वेग जमत नाही" या वाक्यावर आहे, त्यातला "मुळातच" कुठून आला ते विचारा. बॉलचंच घ्या. बायकांचा १४० ते १५१ ग्रॅम, पुरुषांचा साधारण १५६ ते १६३. बाउंड्री ६० ते ७० यार्ड, पुरुषांची ६५ ते ९०. हा झाला नियम. पण लिहिताना होतं काय, "बायकांना सवलत". गोळाफेकीत बायकांचा गोळा ४ किलोचा आणि पुरुषांचा ७.२६, तिथे सवलत म्हणताना कुणाला ऐकलंय?

आणि फलंदाज दोघांना चालतो हे खरंय, पण छापताना "महिला फलंदाज" होतो, क्रियापदात "खेळली" आलेलं असतानासुद्धा.

रात्रपाळी:
मी डेस्कवर काम करतो, पेपरचं नाव नको. रात्री साडेअकराला मॅच संपते, पान सोडायचं असतं, हेडिंगला जागा मोजून मिळते. "लेकी" दोन अक्षरं, "महिला संघ" पाच. यात पितृसत्ता वगैरे काही नाही हो, कॉलमची रुंदी आहे.

तिरपी_बॅट:
"भारत" तीन अक्षरं. पुरुषांच्या वेळी बसतो की बरोबर.

चष्मेबद्दूर:
तुम्ही सगळे लेकीवर अडकलात, माझ्या मते जास्त घोळ गोड शब्दांनी नाही, चांगल्या शब्दांनी झालाय. ऑक्टोबर २०२२ला बीसीसीआयने मॅच फी सारखी केली, टेस्टला १५ लाख, वनडेला ६, टी-ट्वेंटीला ३. लगेच सगळीकडे "समान वेतन". वेतन कुठलं समान? तेव्हाच्या वार्षिक करारात पुरुषांचा ए-प्लस ७ कोटी आणि बायकांचा ए ग्रेड ५० लाख. पुरुषांचा सगळ्यात खालचा सी ग्रेड १ कोटी, म्हणजे बायकांच्या सगळ्यात वरच्या ग्रेडच्या दुप्पट! मॅच फी लिहायच्या जागी वेतन लिहिलं आणि खरा फरक गायब. माझ्या ओळखीतले निम्मे लोक आजही छातीठोक सांगतात की पैसे सारखेच मिळतात.

खडूस_दादरकर:
हा मुद्दा बरोबर आहे, पण हा शब्दांचा प्रश्न नाही, अभ्यास न करता बातमी लिहिण्याचा आहे. आणि पैसा येतो तो टीव्हीच्या हक्कांतून, प्रेक्षकांतून, तुम्ही लेक म्हणा नाहीतर खेळाडू, त्याने करार वाढत नाहीत.

चष्मेबद्दूर:
पण वेतन सारखंच आहे असं लोकांना वाटत राहिलं तर करार वाढवा असं म्हणणार कोण?

गुळपोळी:
मला जेमिमा रॉड्रिग्जचं सांगायचंय. ऑस्ट्रेलियासमोर सेमीफायनल, ३३९चं टार्गेट, नाबाद १२७. आणि दुसऱ्या दिवशी मोबाइल उघडला तर अश्रू, अश्रू, अश्रू. २०२१ला सिडनीत राष्ट्रगीताच्या वेळी सिराजच्याही डोळ्यांत पाणी होतं, तो "भावुक झाला", ही "ढसाढसा रडली".

खडूस_दादरकर:
थांबा थांबा. जेमिमाने स्वतः सांगितलं की टूरमध्ये जवळपास रोज रडत होते, अँग्झायटी होती. एवढं धाडसाने बोलली ती. तेच सौम्य करून लिहायचं का? हा तर तिच्यावर अन्याय.

गुळपोळी:
सौम्य नका करू, अँग्झायटी म्हणाली तर अँग्झायटी लिहा. "हळवी पोर" कशाला? आजाराचा स्वभाव करून टाकला. आणि १२७ चौथ्या पॅरात.

रात्रपाळी:
बरं, मग फायनलला तुम्ही काय हेडिंग दिलं असतं? एक ओळ, मोठा टाइप.

तिरपी_बॅट:
"भारत ५२ धावांनी विश्वविजेता".

रात्रपाळी:
आणि सकाळी ऑफिसात फोन येतात की पुरुषांची मॅच कधी होती, ते फोन तुम्ही घेणार का?

गुळपोळी:
हेडिंगखाली हरमनप्रीतचा कप घेऊन फोटो असतो की हो, अर्ध्या पानाचा.