डिजिटल कॅरेक्टरला की-फ्रेम हव्यात की बाहुलीवाल्याचा हात?

हातमोजा: गेले सहा महिने लहान मुलांच्या मालिकेसाठी एक थ्रीडी ससा हलवतोय आणि आता माझं ठाम मत झालंय की बोलणाऱ्या पात्राला की-फ्रेम (ठराविक क्षणांच्या पोज आपण लावायच्या, मधली हालचाल कॉम्प्युटर भरतो) नकोत, बाहुली नाचवणाराच हवा. हे काही नवीन नाही. मपेट्स या बाहुल्यांचा जनक जिम हेन्सन, त्याच्या टीव्ही कार्यक्रमात १९८९ मध्येच वाल्डो नावाचं कॉम्प्युटरवरचं पात्र होतं. स्टीव्ह व्हिटमायर एका यंत्रात हात घालून ते चालवायचा, मॉनिटरवर त्याचं ओबडधोबड रूप लगेच दिसायचं त्यामुळे शेजारच्या मपेट्सशी जुगलबंदी जमायची, आणि नीट रेंडर (अंतिम चित्र) मागाहून व्हायचं. म्हणजे अभिनय आधी, चित्र नंतर. आपण बरोब्बर उलटं करतो.

कधी हातात बाहुली घालून बोलून बघा. नवखा माणूस चार बोटं वर उचलतो आणि दर शब्दाला बाहुलीचं डोकं मागे फेकलं जातं. खरं तर बोटं स्थिर ठेवून अंगठा खाली न्यायचा, कारण आपलाही खालचाच जबडा हलतो. हे मला ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे हालचालीच्या वक्ररेषा ओढत बसून, कधीच सुचलं नसतं.

रात्रपाळी: अजिबात पटलं नाही. बारा वर्षं की-फ्रेम करतेय. तुमच्या त्या जिवंत टेकमध्ये (हाताच्या हालचालीच्या थेट रेकॉर्डिंगमध्ये) दर फ्रेमला एक की असते, सेकंदाला चोवीस, आणि दिग्दर्शक म्हणाला की मान वळायच्या आधी पापणी पडू दे तर मी त्या जंगलात हात कुठे घालू? एका कामात असा डेटा साफ करण्यात माझे तीन दिवस गेले, नुसती थरथर काढत बसले होते. शिवाय ससा उडी मारताना लांबतो, खाली आला की चपटा होतो, ते कुणाच्या मनगटातून येणार?

कुडाळकर: माझा आक्षेप वेगळाय. आमच्या पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या (परशुराम गंगावणेंना २०२१ ची पद्मश्री मिळाली, त्याच) बघत वाढलोय. दोरी अर्धा बोट जास्त उचलली की बाहुली तरंगते, सोडली की गुडघ्यात बसते. पाय टेकलेत हे दोरीचा ताण सांगतो. वेबकॅमसमोर मान हलवून कार्टून चालवता त्यात वजन कुठाय? त्याला बाहुलीकला म्हणू नका, वाईट वाटतं.

हातमोजा: @कुडाळकर, वेबकॅमबद्दल मान्य. पण हाताला लागेल असं यंत्र करता येतं ना! १९९३ च्या ज्युरासिक पार्कच्या वेळी फिल टिपेटच्या लोकांनी सांध्यांत सेन्सर बसवलेला डायनोसॉरचा सांगाडा केला होता, तो हाताने वाकवला की कॉम्प्युटरमधला डायनोसॉर तशी पोज घ्यायचा.

रात्रपाळी: अहो, पण हा तर माझ्या बाजूचा दाखला झाला! ती स्टॉप-मोशनवाली माणसं होती, बाहुलीची एकेक पोज विचार करून लावून तिचा एकेक फोटो घेणारी. म्हणजे की-फ्रेमच, फक्त माउसऐवजी हात.

चहाटपरी: त्याच १९९३ मध्ये आपल्याकडे रामदास पाध्येंनी तात्या विंचू हलवला. लहानपणी मी त्याला घाबरून पलंगाखाली बघायचो, त्या डायनोसॉरला नाही. बाहुली समोरच्या माणसाकडे बघते तेव्हा तो माणूसही खरा बघतो हो, हिरव्या पडद्यासमोर नट कुठेतरी शून्यात बघतात आणि ते कळतं. माझं मत हाताला.

हातमोजा: @रात्रपाळी, उडीचं तुमचं बरोबर, ती हाताने नाही होणार. पण हेन्सनवाल्यांच्याच सिड द सायन्स किडमध्ये एका पात्राला दोन माणसं होती, एक सूट घालून अंग हलवणार आणि दुसरा हाताच्या यंत्रावर चेहरा चालवत आवाज देणार. तसं वाटून घ्यायला काय हरकत आहे, चेहरा आणि बोलणं हातावर, उड्या तुमच्या?

रात्रपाळी: वाटणी चालेल, पण थरथर मी काढणार नाही, ती टेक देणाऱ्यानेच काढायची. आणि पापणी माझ्याकडे राहील. अंगठावाला एक कच्चा टेक पाठवा, कुठे किती की पडल्यात ते बघते.